मुद्दाम बिघडवलेले फोटो

गेले काही महिने रात्रीची जेवणं उरकली की मी एकच काम घेऊन बसते. चांगले फोटो घ्यायचे, एका तात्पुरत्या डिस्कवर ठेवायचे, मग त्या डिस्कवरचे एक-दोन बाइट मुद्दाम बदलायचे. डिस्क परत जोडायची आणि तेच फोटो मागायचे. फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर कुठली फाईल कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, आपल्याला काय सांगते, एवढंच मला बघायचं असतं.

बऱ्याचदा ती काहीच सांगत नाही. बिघडलेला फोटो चांगला असल्यासारखा हातात देते.

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, पहिल्यांदा शेजारी येऊन बसले तेव्हा त्यांना हे बघवेना. "काय करालीयस गं? चांगल्या फोटूची वाट लावालीयस व्हय?" म्हणाले. मी त्यांना सांगितलं, की या सगळ्या नकला आहेत, मूळ फोटोला हात लावलेला नाही. तरी ते थोडा वेळ अस्वस्थच होते. ज्या माणसाने आयुष्यभर निगेटिव्हला बोट लागू दिलं नाही, त्याच्यासमोर फोटोत खोट घालायची म्हणजे अवघडच.

आबांचा स्टुडिओ कोल्हापुरात, शाहूपुरीत होता. लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, तालमीतले पैलवान, जोतिबाची चैत्र यात्रा. १२० च्या रोलचे आणि पुढे ३५ मिलिमीटरचे निगेटिव्ह पिवळ्या पाकिटांत, पाकिटावर निळ्या शाईत नाव आणि साल. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, तेव्हा कपाटाचे खालचे कप्पे बुडाले. पाकिटांवरची शाई धुऊन गेली. निगेटिव्ह मात्र आबांनी बरेच वाचवले, कारण त्यांना काय करू नये ते माहीत होतं. ओले निगेटिव्ह एकमेकांना चिकटून सुकू द्यायचे नाहीत. त्यांच्यावरचा जिलेटिनचा थर फुगलेला असतो, तो वाळला की एक निगेटिव्ह दुसऱ्याला कायमचा धरून बसतो. म्हणून आम्ही बादल्यांत स्वच्छ पाणी भरून ते त्यात ठेवले, एकेक सुटा केला, आणि दोरीवर चिमट्यांना लावून वाळवला. मग स्कॅनर आणला. प्रत्येक निगेटिव्हची एक मोठी टिफ फाईल, आणि लोकांना पाठवायला एक जेपेग. सगळं हार्ड डिस्कवर गेलं आणि घरातल्या सगळ्यांना वाटलं, आता पुराचं भय नाही.

नंतर कधीतरी एका पैलवानाच्या नातवाने आजोबांचा फोटो मागितला. फाईल उघडली, तर छातीपर्यंत फोटो उत्तम. खांद्यावर गदा, पिळदार मिशा, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. छातीपासून खाली सगळं एका बाजूला सरकलेलं आणि राखाडी. फाईलचा आकार तोच, तारीख तीच. नव्या डिस्कवरची प्रतही तशीच, कारण ती याच फाईलवरून केलेली होती. जुनी डिस्क कपाटात पडून होती म्हणून बरं, तिच्यावरचा फोटो शाबूत निघाला.

मला धक्का बसला तो बिघाडाचा नाही. निगेटिव्हही बिघडतात. पण ॲसिटेटची फिल्म सडायला लागली की डबा उघडल्याबरोबर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, पट्टी वाकडी होते, कडेला पोपडे धरतात. आबा नुसत्या वासावरून पाकीट बाजूला काढायचे. या फाईलने मात्र वास दिला नाही, वाकडी झाली नाही. मधल्या काळात आम्ही ती एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेली, आणि प्रत्येक वेळी संगणकाने काम पूर्ण झाल्याचं सांगितलं.

असं कसं होतं, याचं थोडं तरी उत्तर द्यायला हवं. हार्ड डिस्क स्वतः बेसावध नसते. प्रत्येक सेक्टरसोबत, म्हणजे डिस्कवरच्या लहानशा कप्प्यासोबत, ती दुरुस्तीसाठी जादा बिट लिहून ठेवते, लहानसहान चुका वाचतानाच सुधारते, आणि फारच खराब झालं तर वाचता येत नाही असं स्पष्ट कळवते. अशा वेळी निदान बोंब तरी होते. गप्प राहणारा बिघाड वेगळा. डिस्कच्या फर्मवेअरने, म्हणजे तिच्या आतल्या प्रोग्रामने, लिहिलं असं सांगितलं पण लिहिलंच नाही. लिहिलं, पण भलत्याच जागी. केबल किंवा कंट्रोलरमध्ये एक बिट पालटला. मेमरीतच आकडा बदलला आणि डिस्कने तो चुकीचा आकडा अगदी इमानदारीने जपून ठेवला. या सगळ्यांत डिस्कच्या दृष्टीने सेक्टर निरोगी असतो.

आणि हे लाखात एखाद्याच्या नशिबी येतं असंही नाही. २००८ मध्ये फाइल साठवणीवरच्या 'फास्ट' या परिषदेत एक मोठा अभ्यास मांडला गेला. विस्कॉन्सिन विद्यापीठ, नेटॲप कंपनी आणि टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी १५.३ लाख डिस्कची ४१ महिन्यांची नोंद तपासली होती. चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, न जुळण्याच्या ४ लाखांहून जास्त घटना त्यात सापडल्या. आपण दुकानातून आणतो त्या वर्गातल्या स्वस्त सॅटा डिस्कमध्ये हे प्रमाण महागड्या डिस्कच्या साधारण दहापट होतं. हे सगळं सापडलं, कारण त्या यंत्रणेत प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे मजकुराच्या ठरावीक तुकड्याचा, चेकसम वेगळा ठेवलेला होता आणि तो नियमाने तपासला जात होता. आपल्याकडे, म्हणजे राजारामपुरीतल्या एखाद्या स्टुडिओत किंवा घरातल्या कपाटात, ज्या डिस्क आहेत त्यांच्यावर तो हिशेबच ठेवलेला नाही.

माझे यजमान शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये आहेत. मी फायली मुद्दाम खराब करते याचं त्यांना काहीच नवल वाटलं नाही. कास्टिंग ओततात त्याच वितळलेल्या धातूतून एक टेस्ट बारही ओततात, आणि ती मशीनवर ताणून तोडतात. किती जोर लावल्यावर तुटली, हे कळल्याशिवाय त्या हीटचा, म्हणजे धातूच्या त्या घाण्याचा, माल बाहेर जात नाही. "तोडल्याशिवाय कळणार कसं?" एवढंच ते म्हणाले. मला हेच म्हणायचं होतं. फाइल सिस्टिम चांगली आहे असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एवढाच अर्थ असतो, की तिच्यावर अजून वेळ आलेली नाही.

तर माझी रीत अशी. खऱ्या डिस्कला हात लावायचा नाही. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या फुकट प्रणालीवर, काही गीगाबाइटची एक रिकामी फाईल करायची आणि तिलाच डिस्क समजून तिच्यावर फाइल सिस्टिम घालायची. त्यात फोटो टाकायचे. प्रत्येक फोटोचा शा-२५६ चेकसम, म्हणजे त्या फाईलच्या बाइटवरून काढलेला ६४ अक्षरांचा ठसा, बाहेर वेगळ्या जागी लिहून ठेवायचा. मग डिस्क सोडवायची, कारण जोडलेली असताना बदल केला तर संगणक मेमरीतली जुनी चांगली प्रतच दाखवतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. त्यानंतर त्या फाईलमध्ये फोटोची जागा शोधून 'डीडी' या आज्ञेने एक बाइट बदलायचा. इथे 'कन्व्ह इज इक्वल टू नोट्रंक' हा पर्याय विसरून चालत नाही. तो दिला नाही तर डीडी बाइट बदलून थांबत नाही, त्यापुढची सगळी फाईलच कापून टाकते.

पहिली पाळी ईएक्सटी४ ची. २००८ च्या डिसेंबरपासून ही लिनक्समध्ये स्थिर म्हणून आहे आणि बहुतेक ठिकाणी हीच मिळते. पैलवानाच्या टिफमधला एक बाइट बदलला, डिस्क जोडली, फोटो कॉपी केला. कॉपी झाला. उघडला, उघडला. शा-२५६ मात्र जुळला नाही. मी फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून बघितला. आमची टिफ कृष्णधवल आणि न दाबलेली, त्यामुळे एक बाइट म्हणजे एक ठिपका. पैलवानाच्या डाव्या खांद्यावर पांढरा ठिपका आला होता. आबांना दाखवला. ते म्हणाले, "धूळ हाय निगेटिव्हवर." पूर्वी त्यांनी बारीक ब्रशने तो ठिपका भरला असता आणि विसरूनही गेले असते. कुणालाही धूळच वाटली असती.

तोच एक बाइट जेपेगमध्ये बदलला तर चित्र वेगळं दिसतं. जेपेगमध्ये फोटो आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत तोडलेला असतो, आणि प्रत्येक चौकोनाचा उजेड आधीच्या चौकोनापेक्षा किती कमी-जास्त, एवढंच नोंदलेलं असतं. वर ते सगळं कमी-जास्त लांबीच्या सांकेतिक बिटांत घट्ट दाबलेलं. मध्ये एक बिट चुकला की पुढचे संकेत चुकीच्या जागी तुटतात आणि उजेडाची चूक खालपर्यंत ओढली जाते. नातवाला पाठवायच्या फोटोत छातीखाली जे झालं होतं ते हेच. एका परीने जेपेगचे उपकारच म्हणायचे, बिघाड निदान डोळ्यांना दिसला. टिफने तो धुळीत लपवला असता. आणि एखाद्या पतसंस्थेच्या हिशेबात तीनाचा सात झाला तर तिथे दिसायला काय असणार?

मग मी ईएक्सटी४ च्या स्वतःच्या नोंदींवर हात चालवला, तेव्हा ती फाइल सिस्टिम एकदम वेगळी वागली. सुरुवातीचे चार किलोबाइट पुसले, डिस्क जोडायला साफ नकार. पण तिने आपल्या मुख्य नोंदीच्या, सुपरब्लॉकच्या, नकला पुढे ठरलेल्या जागी ठेवलेल्या असतात. ३२७६८ व्या ब्लॉकवरची नक्कल घे असं तपासणी करणाऱ्या प्रोग्रामला सांगितलं, आणि सगळे फोटो जागच्या जागी परत आले. दुसऱ्यांदा मी एका फोल्डरची यादीच पुसली. या वेळी तक्रार आली, 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग'. तपासणी चालवल्यावर फोटो 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये सापडले, नावांच्या जागी नुसते क्रमांक. आबा आणि मी एकेक उघडत गेलो आणि ते नावं सांगत गेले. हा बालिंग्याचा, ही मास्तरांची थोरली, हा पुढे बँकेत लागला.

यावरून माझं मत पक्कं झालं. ईएक्सटी४ स्वतःचा सांगाडा, म्हणजे या नोंदी, चांगला सांभाळते. २०१२ च्या लिनक्स ३.५ पासून त्या सांगाड्याला चेकसमही मिळाला. पण फोटोचा मजकूर तिच्या जबाबदारीत नाहीच. तपासणीनंतर ती सगळं स्वच्छ असल्याचं सांगते ते सांगाड्यापुरतं. एक्सएफएसचंही तसंच, सांगाड्याला चेकसम, मजकुराला नाही. ॲपलच्या एपीएफएसमध्ये तेच. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मजकुराला चेकसम नाही, आणि पेन ड्राइव्ह, कॅमेऱ्याची कार्डं ज्यावर चालतात त्या फॅट आणि एक्सफॅटमध्येही नाही. म्हणजे आपल्या गावातले जवळपास सगळे लग्नाचे अल्बम.

ही रीत माझी नाही, हेही सांगितलं पाहिजे. २००५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्याच संशोधकांनी त्या वेळच्या ईएक्सटी३, रायझरएफएस, जेएफएस आणि एनटीएफएस या फाइल सिस्टिमखाली एक थर घालून मुद्दाम बिघाड घडवले होते. कुठलाही ब्लॉक आंधळेपणाने नाही, तर तो सुपरब्लॉक आहे की फोल्डरची यादी की बदलांची नोंदवही म्हणजे जर्नल, हे ओळखून. त्यांना दिसलं की एकच फाइल सिस्टिम एका जागी चूक पकडते, दुसऱ्या जागी तीच चूक सोडून देते. ईएक्सटी३ तर लिहिताना आलेल्या चुका बहुतांशी कानाआड करत होती. तो शोधनिबंध वाचताना माझ्या मनात एकच आलं, की हे लाखो लोकांच्या संगणकांत चालू होतं आणि कुणी तोडून बघेपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं.

आता बीटीआरएफएस. ही मजकुराच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम वेगळा लिहून ठेवते आणि वाचताना दर वेळी पडताळते. एकाच डिस्कवर घातली, तोच बाइट बदलला. कॉपी मध्येच थांबली, 'इनपुट आउटपुट एरर'. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदवहीत कुठल्या फाईलमध्ये, कुठल्या जागी, कोणता चेकसम अपेक्षित होता आणि कोणता मिळाला, सगळं लिहिलेलं.

इथे आबांचा आणि माझा खरा वाद झाला. त्यांचं म्हणणं, "एका ठिपक्यापायी सगळा फोटू अडवायचा? धूळ परवडली की." त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. ज्याच्याकडे एकच प्रत आहे त्याला खांद्यावरच्या ठिपक्यासकट आजोबा हवेतच. आणि ते मिळतातही, बिघडलेला तेवढा ब्लॉक वगळून बाकीची फाईल ओढून काढता येते. पण तो निर्णय माणसाने घ्यावा, हे मला महत्त्वाचं वाटतं. नकार मिळाला तर मी जुनी डिस्क शोधते, निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करते, निदान पाकिटावर खूण करते. बिघाड झालाय हे कळलंच नाही तर मी यातलं काहीच करत नाही, उलट त्याच खराब प्रतीच्या नव्या नकला काढत बसते आणि चांगली प्रत असलेली डिस्क जुनी झाली म्हणून एक दिवस भंगारात देते. वाद मिटला असं मी म्हणणार नाही, पण पुढची चाचणी बघून आबा गप्प झाले.

त्या चाचणीत दोन डिस्क जोडीने लावल्या, दोन्हींवर तोच मजकूर. एकीवरचा पैलवान बिघडवला आणि फोटो मागितला. फोटो आला, शा-२५६ तंतोतंत जुळला. बीटीआरएफएसने पहिल्या डिस्कवरची प्रत चेकसमवरून नाकारली, दुसरीवरची घेतली, मला दिली, आणि जाताजाता पहिलीवरची खोटही दुरुस्त केली. नोंदवहीत तसं लिहिलं. नुसत्या साध्या रेडमध्ये, म्हणजे डिस्कची जोडी लावायच्या नेहमीच्या रीतीत, दोन प्रती असतात, पण त्या वेगळ्या निघाल्या तर खरी कुठली हे ठरवायला त्याच्याकडे साधन नसतं. चेकसम असला तरच दुसऱ्या प्रतीला अर्थ येतो.

झेडएफएसवरही मी हेच केलं. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये ती खुली केली. तिची एक गोष्ट मला फार आवडते. ती ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकसोबत ठेवत नाही, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते, आणि त्या वरच्याचा त्याच्याही वर. त्यामुळे डिस्कने लिहिलंच नाही आणि जागेवर जुना मजकूर राहिला, तरी पकडलं जातं. चेकसम मजकुराशेजारीच असता, तर जुना मजकूर आणि जुना चेकसम एकमेकांशी छान जुळले असते. दोन्ही प्रती बिघडवल्यावर तिने स्टेटसमध्ये खराब फाईलचं नाव पूर्ण मार्गासकट छापलं. आबांनी ते स्वतः वाचलं. "आता कळतंय," म्हणाले.

तरी झेडएफएस म्हणजे कवच नव्हे. २०१० मध्ये तिच्यावरही अशीच चाचणी झाली होती. डिस्कवरच्या बिघाडाला ती पुरून उरली, पण मजकूर मेमरीत असतानाच बिघडला तर तिलाही फसवता आलं. चेकसम काढायच्या आधीच आकडा चुकला असेल तर चुकलेल्या आकड्याचाच चेकसम निघणार. म्हणून स्कॅन झाल्या झाल्या, फाईल कुठेही हलवायच्या आधी, मी शा-२५६ ची यादी करते. घरी आता दोन डिस्कची झेडएफएस जोडी आहे, महिन्यातून एकदा 'स्क्रब' चालतो, म्हणजे कुणी न उघडलेला फोटोही वाचून पडताळला जातो. तिसरी प्रत गडहिंग्लजला नणंदेकडे, एक्सफॅटवरच, कारण तिच्याकडे विंडोज आहे. त्या डिस्कवर शा-२५६ ची यादी आणि पीएआर२ च्या दुरुस्तीच्या फायली टाकल्यात, दहा टक्के जादा जागा घेऊन. दिवाळीला ती येते तेव्हा डिस्क घेऊन येते आणि आम्ही पडताळून परत देतो.

ज्यांच्याकडे एवढी सोय नाही त्यांनी यादी तरी करावी, असं मी भेटेल त्या स्टुडिओवाल्याला सांगते. लिनक्सवर एका ओळीची आज्ञा आहे, विंडोजमध्येही 'सर्टयुटिल' आधीपासून असतं, पैसे पडत नाहीत. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने याच गावात मूकपट काढले आणि त्यातले बहुतेक आज बघायला मिळत नाहीत. तेव्हाची नायट्रेट फिल्म जळायची, विरघळायची, तिला वाचवायचं साधन फार थोड्यांकडे होतं. आपल्याकडे साधन आहे.

आमचं एक काम मात्र कुठलीच फाइल सिस्टिम करून देणार नाही. यादी केली त्या दिवशी जे फोटो आधीच बिघडलेले होते, त्यांचे ठसेही बिघडलेलेच नोंदले गेले. ते शोधायला डोळ्यांशिवाय मार्ग नाही. म्हणून पुराच्या वर्षी स्कॅन केलेली प्रत्येक फाईल आबा आणि मी शंभर टक्क्यांवर उघडून बघतोय. ठिपका दिसला की आबा निगेटिव्ह उजेडावर धरतात आणि धूळ आहे की नाही ते सांगतात. सध्या १९७८ च्या चैत्र यात्रेपर्यंत आलोय. सासनकाठ्यांच्या त्या फोटोंत गुलाल सगळीकडे उडालेला आहे, त्यामुळे वेळ लागणार.